बोलत ऱ्हावा

आकाशवाणीच्या एका छोट्या केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून मी बरीच वर्षं काढली. पहिल्या दिवशी तिथल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मला एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. काही होऊ दे, वक्ता येऊ नको दे, टेप अडकू दे, शांतता जाता कामा नये. दोन सेकंद कोरे गेले तरी ऐकणारा दचकतो. मी मान डोलावली आणि तो एक नियम म्हणून पाठ केला. त्या शांततेने ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते मात्र फार उशिरा कळलं. निम्मं कळलं कृष्णेच्या पुरात, आणि उरलेलं रशियन कवयित्री ओल्गा बेर्गगोल्त्सच्या शहरात.

ते शहर लेनिनग्राड. 8 सप्टेंबर 1941 ला जर्मन फौजांनी जमिनीवरून येणारी शेवटची वाट बंद केली आणि 27 जानेवारी 1944 पर्यंत, 872 दिवस, शहराभोवतीचा फास पुरता सुटला नाही. आत अडकलेले लोक पंचवीस लाखांच्या घरात होते. घरोघरी स्वतःचे रेडिओसंच नव्हते, कारण युद्ध सुरू होताच सरकारने ते जमा करून घेतले होते. होती ती भिंतीवरची काळ्या कागदाची गोल तबकडी, तारेने थेट शहराच्या केंद्राला जोडलेली. लोक तिला ‘थाळी’ म्हणत. तिच्यावर दुसरं स्टेशन लागत नसे. कार्यक्रम संपला की तिच्यातून मेट्रोनोमचा ठोका यायचा, गाणं शिकणारे समोर ठेवतात त्या तालयंत्राचा. ठोका संथ असेल तर आभाळ मोकळं आहे. ठोका धावायला लागला की विमानं येताहेत. रात्री थाळी कुणी बंद करत नसे. अंधारात, सगळे कपडे अंगावर चढवून झोपलेलं माणूस जाग आली की आधी ठोका ऐकायचं.

जानेवारी 1942 मध्ये वीज इतकी रोडावली की शहराच्या बऱ्याच भागांत थाळ्या मुक्या झाल्या. बाहेर हाडं फोडणारी थंडी, नळ गोठलेले, ट्रॅम जागच्या जागी बर्फात रुतलेल्या. अशात काही माणसं काठी टेकत, भिंतीला धरून रेडिओच्या इमारतीपर्यंत चालत आली. पाव मागायला नाही. थाळी बोलत का नाही, एवढंच विचारायला. बोलू द्या तिला, उपास निघेल, पण हे गप्प राहणं निघत नाही, अशा अर्थाचं ती बोलत होती. ओल्गाने ही आठवण नंतर लिहून ठेवली. ती त्याच इमारतीत राहत होती. तिथले बहुतेक लोक कामाच्या जागीच राहायला आले होते. एका मोठ्या खोलीत टेबलं आणि खाटा दाटीवाटीने मांडलेल्या होत्या, आणि अंगात जोर असेल तो उठून माइकपाशी जायचा.

हे वाचलं आणि मला 2005 चा महापूर आठवला. तुलना करायची नाही. आमच्या पुरात सरकार होतं, होड्या होत्या, पाणी ओसरणार हे माहीत होतं. तरी सांगते. दोन रात्री मी घरी गेले नव्हते. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, कोयनेतून विसर्ग किती, कुठला रस्ता बंद, हेच पुन्हापुन्हा वाचत होते. पहाटे तीनच्या सुमाराला आकडे यायचे थांबले. मी एक भक्तिगीत लावलं आणि जरा डोकं टेकलं, तेवढ्यात फोन वाजला. म्हातारीचा आवाज होता. “बाई, पानी वाडलंय ते दिसतंय की आमास्नी, उंबऱ्याला लागलंय. आकडं न्हाई सांगितलं तरी चालतंय. पर तुमी बोलत ऱ्हावा.” मी गाणं हळूहळू उतरवलं आणि बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. बहुधा कुठल्या शाळेत पिठलं-भात शिजतोय ते, आणि उजाडायला किती वेळ आहे ते.

त्या बाईला खोटा दिलासा नको होता. कुणीतरी तिच्याबरोबर जागं आहे, एवढं हवं होतं. ओल्गाच्या युद्धकाळच्या कवितेकडे मी याच दारातून शिरले, आणि अजून मला दुसरं दार सापडलेलं नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. 1910 च्या मे महिन्यात, याच शहरात, तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्म. वडील डॉक्टर, आणि आडनाव जर्मन वळणाचं. हे आडनाव पुढे त्यांना भोवणार होतं. यादवीच्या उपासमारीत आईने दोन्ही मुलींना घेऊन उग्लिच गाव गाठलं होतं, आणि तिथल्या जुन्या मठाच्या खोलीत ओल्गाचं बालपण काही काळ गेलं. भूक तिला नवी नव्हती. पुढे शहरात परतल्यावर ती क्रांतीच्या स्वप्नाने भारलेली, लाल रुमाल बांधणारी, कविता करणारी पोर झाली. पहिला नवरा कवी, बोरीस कोर्निलोव. लग्न दोन वर्षांत मोडलं. 1938 मध्ये सरकारने त्याला गोळी घातली. दुसरा नवरा निकोलाय मोल्चानोव, साहित्याचा अभ्यासक. दोन लग्नांतल्या दोन मुली, आणि ती तिशीला पोचायच्या आत दोघीही तिच्या हातून गेल्या. धाकटी तान्हेपणी, थोरली सात वर्षांची होऊन.

डिसेंबर 1938 मध्ये तिला अटक झाली. आरोप धादांत खोटे होते. ती पोटुशी होती. चौकशीच्या मारहाणीत ते मूलही गेलं. जवळपास सात महिन्यांनी, जुलै 1939 मध्ये, निर्दोष म्हणून सोडलं. जप्त केलेल्या रोजनिशीच्या वह्या परत दिल्या, तेव्हा त्यांवर चौकशी करणाऱ्याच्या लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. मुलीच्या मरणाबद्दल, नवऱ्याबद्दल, स्वतःच्या शंकांबद्दल रात्री एकटीने लिहिलेल्या ओळींखाली कुणा परक्याने रेघा मारायच्या! मी त्या पानांचं चित्र डोळ्यांपुढे आणते आणि माझा हात वहीवरून मागे येतो. तिचा आला नाही. त्या वह्यांना जोडून तिने पुढचं लिहिलं.

ज्या राज्याने पोटातलं मूल मारलं त्याच राज्याच्या रेडिओवर, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत ही बाई कामाला हजर झाली. काहींना यात लाचारी दिसते, काहींना देशभक्तीचा पुतळा. मला दोन्ही वाचनं आळशी वाटतात. तिच्या मनातलं दुभंगलेपण तिने लपवलेलं नाही, रोजनिशीत ते पानोपानी आहे. पण थाळीपाशी बसलेलं माणूस म्हणजे राज्य नव्हे, हे तिला ठाऊक होतं. थाळीपाशी दार्या व्लास्येव्ना बसली होती.

दार्या व्लास्येव्ना ही तिच्या एका कवितेतली शेजारीण. ‘शेजारणीशी बोलणं’ असं त्या कवितेचं नाव, लिहिली 5 डिसेंबर 1941 ला. तेव्हा वीस नोव्हेंबरपासून शहरात पावाचा वाटा सर्वांत खाली आला होता. कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला 250 ग्रॅम, बाकी सगळ्यांना, मुलांनाही, 125 ग्रॅम. आणि त्या पावात राईच्या पिठाबरोबर सरकीची पेंड होती, माल्ट होतं, लाकडापासून काढलेला लगदा होता.

125 ग्रॅम म्हणजे किती, ते मला कळत नव्हतं. एका दुपारी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ज्वारीची भाकरी ठेवली. मध्यम आकाराची, आमच्याकडे माणशी एक-दीड लागते तसली. ती 125 च्या थोडी पुढे गेली. मग कडेचा एक तुकडा मोडला आणि काटा बरोबर आणला. दिवसभराचं हे, आणि तेही ओलं, जड, पेंडीचं. सोबत कालवण नाही, तेल नाही. मोडलेला तुकडा हातात घेऊन मी काट्यापाशी उभी होते आणि तो परत कुठे ठेवावा ते सुचेना.

अशा डिसेंबरात ओल्गा रेडिओवर शेजारणीला हाक मारते. ये गं, बस जराशी, शांततेच्या दिवसांबद्दल बोलू या. हुकूम नाही, घोषणा नाही. दोन बाया उंबऱ्यावर बसतात तशी ती बसते. हे सोसवेल का, धीर पुरेल का, हा प्रश्न ती मोकळेपणाने येऊ देते. आणि मग म्हणते की एक दिवस चौकात तुझा पुतळा उभा करतील, आहे तशीच तू, ओढलेली, डोक्याला घाईने फडकं गुंडाळलेली, तोफा चालू असताना हातात पिशवी घेऊन निघालेली. घोड्यावरचे पुतळे आपण जन्मभर पाहत आलो. पिशवीवालीचा पुतळा मला तरी पहिल्यांदा इथेच दिसला. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत ‘शेजी’ येते. तिला सांगितल्याशिवाय बाईचं सुख सुख होत नाही, दुःख दुःख होत नाही. ओल्गाला आपल्या ओव्या ठाऊक असण्याचं कारण नाही. पण सगळ्या शहराला ‘शेजी’ म्हणावं हे तिला उमगलं होतं, आणि म्हणून तिचा आवाज वरून येत नसे, पलीकडच्या खोलीतून यायचा.

29 जानेवारी 1942 ला मोल्चानोव इस्पितळात वारला. त्याला फेफऱ्याचा आजार होता, आणि उपासमारीने तो झपाट्याने बळावला. ती त्याच्यासाठी कागदात गुंडाळून काहीबाही खायला न्यायची. त्याच दिवसांत रेडिओवरच्या गिओर्गी माकोगोनेन्कोवर तिचा जीव जडला होता, आणि ही गोष्ट तिला स्वतःला किती पोळत होती ते तिने वहीत उघड्या शब्दांत लिहिलंय. तिला संत करायला निघालेले लोक हा भाग गाळतात. मी गाळणार नाही. मरणाच्या इतक्या जवळ असलेल्या बाईला जगायची ओढ वाटली, आणि त्या ओढीची तिला लाज वाटली. तिची कविता या दोन्हींमधून आलेली आहे.

नवरा गेल्यावर महिन्याच्या आत तिने ‘फेब्रुवारीची रोजनिशी’ ही दीर्घ कविता पुरी केली, आणि 22 फेब्रुवारी 1942 ला ती रेडिओवरून वाचली. तिची सुरुवात एका रात्रीची आहे. नुकतीच नवऱ्याला पुरून आलेली मैत्रीण येते. दोघी एका शालीत गुंडाळून बसतात, बोलत नाहीत, राखून ठेवलेला पाव दोघींत खातात. खोलीत फक्त मेट्रोनोमचा ठोका. पुढे नेव्स्की रस्ता येतो आणि मुलांच्या खेळण्यातल्या घसरगाड्या येतात, ज्यांच्यावरून लोक पाणी नेताहेत, सरपण नेताहेत, आजारी माणूस नेताहेत, मेलेलं माणूस नेताहेत. ऐकणारा ते सगळं दारातून रोज पाहत होता. तरीही ते थाळीतून ऐकू आल्यावर त्याला वाटलं असणार, हे माझ्या एकट्याचं नाही तर. उंबऱ्याला लागलेलं पाणी दिसत असूनही माणूस रेडिओ लावतो, तो यासाठीच.

तिच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण आहे. मला रशियन येत नाही. पण उद्घोषकाच्या कानाने ऐकलं. ती आवाज चढवत नाही. ‘वीररस’ म्हणून आपण जे करतो, छाती फुगवून शब्दाच्या शेवटी झटका द्यायचा, ते जवळजवळ नाहीच. ओळीच्या शेवटी श्वास तुटतो तो तसाच सोडून देते. आम्हाला शिकवलं होतं की श्वास माइकला कळू द्यायचा नाही. तिचा कळतो, आणि बरं वाटतं.

त्याच फेब्रुवारीत ती वडिलांना भेटायला चालत निघाली. नेव्स्काया झास्तावा या तिच्या लहानपणच्या वस्तीपलीकडे, गोठलेल्या नेवा नदीच्या त्या काठाला एका कारखान्याच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते. धडधाकट माणसालाही ती वाट लांबच. तिने ती खांब मोजत कापली. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचं, टेकायचं, मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत. नदीचा पलीकडचा काठ उभा, सांडलेल्या पाण्याने काचेसारखा झालेला. तो एका अनोळखी बाईच्या आधाराने, एकमेकींना ओढत ती चढली. दवाखान्यात पोचली, तर वडिलांनी मान वर करून विचारलं, कोण हवंय बाई तुम्हाला? पोटच्या पोरीला त्यांनी ओळखलं नाही. ही हकीकत तिने ‘दिवसाचे तारे’ या पुस्तकात पुढे लिहिली. मला त्यातला नदीचा काठ सर्वांत जवळचा वाटतो. दोन बाया, दोघींच्याही अंगात त्राण नाही, आणि तरी एकीचा हात दुसरीला वर घेतो.

याच डॉक्टरांना, उपाशी कामगारांवर उपचार करत राहिलेल्या या माणसाला, त्याच वर्षी शहराबाहेर काढून दूर सैबेरियाकडे मिनुसिन्स्कला पाठवलं. जर्मन आडनाव. ओल्गा रेडिओवर सगळ्या शहराचा धीर होती, आणि वडिलांचं हे काढून देणं तिला थांबवता आलं नाही.

मार्चमध्ये सूज आलेल्या अवस्थेत तिला मॉस्कोला हलवलं. तिथे ऊब होती, आंघोळीला गरम पाणी होतं, पोटभर जेवण होतं. आणि तिथे तिला समजलं की लेनिनग्राडच्या लोकांचं शौर्य सांगायला परवानगी आहे, त्यांची भूक सांगायला नाही. उपासमारीचं वैद्यकीय नावसुद्धा उच्चारायचं नाही. तिचं त्या पोटभर जेवणात मन रमेना. एप्रिलमध्ये ती त्या भुकेल्या शहरात परत आली. मला हे परतणं तिच्या सगळ्या कवितांइतकं मोठं वाटतं. त्या उन्हाळ्यात तिने ‘लेनिनग्राडची कविता’ लिहिली. तिच्यात लादोगा सरोवराच्या बर्फावरून पाव आणणारा ट्रकचालक आहे. इंजिन बंद पडतं, बोटं गोठून हलत नाहीत, तेव्हा तो हात पेट्रोलमध्ये बुडवून पेटवतो आणि त्या पेटत्या हातांनी दुरुस्तीला लागतो, कारण मागे शहराच्या वाट्याचा पाव आहे.

आपण समजतो, वेढा उठला की गोष्ट संपली. तिची तिथे संपली नाही. रेडिओवरची भाषणं ‘लेनिनग्राड बोलत आहे’ या नावाने 1946 मध्ये पुस्तकरूपात आली. त्याच वर्षी कवयित्री अन्ना आख्मातोवावर सरकारी झोड उठली. ओल्गाने तिची साथ सोडली नाही आणि स्वतःवर राग ओढवून घेतला. दोनतीन वर्षांत लेनिनग्राडच्या पुढाऱ्यांचीच धरपकड झाली, शहराने भोगलेलं आठवणंही संशयाचं ठरलं, आणि ते पुस्तक ग्रंथालयांतून उचललं गेलं. आता पुन्हा अटक होणार, असं 1949 च्या शरदात सगळ्यांना वाटत होतं. तेव्हा माकोगोनेन्कोने तिची रोजनिशी गावाबाहेरच्या घरातल्या एका बाकाच्या खालच्या बाजूला खिळ्यांनी ठोकून टाकली. वरून बाक, खालून वही. अटक झाली नाही. वहीवर खिळ्यांच्या खुणा राहिल्या.

शेवटच्या वर्षांत दारूने तिला धरलं. माकोगोनेन्कोशी झालेलं तिसरं लग्नही टिकलं नाही. ती 13 नोव्हेंबर 1975 ला गेली. वेढ्यात गेलेल्या लाखो लोकांना पिस्कार्योव्स्कोए स्मशानभूमीत सामुदायिक खड्ड्यांत पुरलंय. तिथलं स्मारक 9 मे 1960 ला उघडलं, आणि त्याच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर कोरलेले शब्द ओल्गाचे आहेत. त्यांतली एक ओळ पुढे साऱ्या देशाच्या तोंडी बसली. तिला स्वतःला त्याच मातीत, आपल्या लोकांत, निजायचं होतं. ते मिळालं नाही. तिला वोल्कोवो स्मशानभूमीत लेखकांसाठी राखलेल्या भागात पुरलं, आणि त्या जागेवर धड स्मारक उभं राहायला 2005 साल उजाडलं. खिळ्यांच्या खुणांची वही सरकारी दप्तरात बंद होती. युद्धातल्या रोजनिश्या पुस्तक होऊन लोकांपुढे आल्या त्या तिच्या जन्मशताब्दीला, 2010 मध्ये.

‘दिवसाचे तारे’ हे नाव तिला लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीवरून सुचलं. तारे दिवसाही आभाळात असतात, आणि अगदी खोल, काळोख्या विहिरीच्या पाण्यात ते भरदुपारी दिसतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने डोकावून पाहिलं. तारे दिसले नाहीत. पण ते तिथे आहेत हा विश्वास तिने सोडला नाही. आपलं मन तसं खोल आणि शांत असावं, एरवी न दिसणारे इतरांचे तारे त्यात दिसावेत, अशी तिची इच्छा होती.

आमच्या आजोळी परसात आड होता. वाकून पाहायला गेलं की आजी वेणी धरून मागे ओढायची. आता तो कोरडा पडत चाललाय आणि वर लोखंडी जाळी बसवली आहे. या मे महिन्यात गेले तेव्हा दुपारी सगळे झोपले असताना जाळीवर ओणवी झाले. पाणी फार खाली होतं. माझ्या मागोमाग भाचीही आली. जाळी तापली होती, तिला हात टेकवेना.

“मावशी, काय दिसतंय?”

“थांब,” म्हटलं, “डोळे जरा सरावू देत.”